रफार

तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
त्यामुळे आडनावांचं मला फारसं कौतुक नाही.
आमच्याकडे आडनाव म्हणजे बहुधा सोडलेलं गाव.
मी पालशेतकर. पालशेतला जन्मात दोनदा गेलो,
दोन्ही वेळा तेराव्याला.

तर ही फिलिपाबाई हेवर्ड, वय अडुसष्ट,
दापोलीहून रिक्षा करून आली,
मांडीवर वंशावळीचं भेंडोळं,
गुडघ्याला क्रेप बँडेज.
सड्यावरच्या थडग्याला टेकली, दम घेतला, म्हणाली,
आमच्या नावाचा अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?
हे म्हणजे वई. वर्ड म्हणजे राखणारा.
गावची वई सांभाळायची,
उभ्या पिकात गुरं शिरू द्यायची नाहीत,
त्या माणसाचं हे नाव.
कागदावर पहिला सापडतो तो रॉजर,
सातशे वर्षांमागच्या दंडाच्या वहीत:
वईला भगदाड, गुरं जवात, दोन पेन्या.

मला बरं वाटलं.
गरिबाचं नाव सरकारदरबारी पहिल्यांदा लागतं
ते तिकडेही दंडापायीच.

पुढे एक खाटीक, दोन पाद्री,
एक कर्ज बुडवून पळालेला,
आणि हा, या चिऱ्यांखालचा एडमंड.
साखळी घेऊन सडा मोजायला आला,
तेविसाव्या वर्षी तापाने गेला.
साखळी जमा झाल्याची पावती आहे.

तिच्या भेंडोळ्यात नव्हतं ते माझ्यापाशी होतं.
जुन्या आकारबंदात 'हेवर्डचा सडा', वरकस.
चाळीस वर्षांनी दुसरा कारकून,
त्याचा बोरू सुकला असावा किंवा जेवायची वेळ झाली असावी,
'हेवडचा सडा'. रफार गळला.
उताराला चार घरं वसली, ती वाडी हेवड,
आणि पोरांना शाळेत घालताना
मास्तरांनी विचारलं तेव्हा वाडी झाली हेवडकर.

म्हणजे माझे नातलग?
नाही बाई. रक्त नाही, नुसता पत्ता.

तेवढ्यात दुर्पदा हेवडकर वर आली,
डोक्यावर कवळाचा भारा.
तिची पाडी गडग्याच्या खिंडारातून आत,
एडमंडच्या छातीवर चरत उभी.
बाईंनी छत्री उगारली, इंग्रजीत दोन शब्द सुनावले.
पाडी ढिम्म.
दुर्पदा म्हणाली, हैऽड्.
मग भारा उतरवून तीन चिरे जागेवर चढवले,
फटीत करवंदीची फांदी खोचली,
कमरेची विडी काढून थडग्यावर ठेवली.

ही कशाला, बाईंनी विचारलं.
राखणदार आहे आमचा. गुरू चुकलं की त्याला सांगतो.
कुणी नेमला याला?
नेमायचा कशाला? हितंच पडलाय ना.

याचं इंग्रजी करायला मला जरा वेळ लागला.
करून झालं तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या,
आणि काचा आधीच स्वच्छ होत्या.

स्टँडवर गाडीला अवकाश होता.
तिकिटाच्या पाठीवर माझं नाव लिहून द्या म्हणाल्या,
तुमच्या अक्षरात.
हात सवयीने हेवड लिहून थांबला.
वर मोकळी जागा होती. तिथे घातला.
बाईंनी तिकीट डोळ्यांशी नेलं.
हे वर कोयतीसारखं काय आहे?

म्हटलं, ते इथेच पडलं होतं.
घेऊन जा.