पेडलची दांडी

देवळाली कॅम्पातून निरोप आला: पियानोचं पेडल तुटलंय,
दांडी पितळी आहे, डाग देऊन मिळेल का.
मी तांबट. हंडे, घंगाळं, देवळांचे कळस,
एकदा एका डॉक्टरचा बंब.
पियानो आतून कधी पाहिला नव्हता.
बसनं गेलो. पिशवीत कानस, नवसागर,
आणि सवयीनं, उगाच, लाकडी मोगरी.

लॅम रोडच्या मागे, बंद पडलेल्या आरोग्यभुवनाच्या जेवणघरात
शांतवन पारधे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर.
नोटांच्या छापखान्यात तेहतीस वर्षं शाई घोटली,
दर शनिवारी पियानो वाजवला तोफखान्याच्या मेसमध्ये,
पुढे पारशांच्या लग्नांत,
पुढे कुणासाठीच नाही.

मी खाली आडवा, दांडीला डाग देतोय,
आणि वर हा माणूस थांबायला तयार नाही.
माझ्या डोक्यावर त्याचा डावा हात उड्या मारतोय:
खाली एक खोल, मग वर मूठभर,
खाली एक खोल, मग वर मूठभर,
जणू एकच पोरगं झोक्यावर बसलंय
आणि तेच मागून झोकाही देतंय.
उजवा हात तोवर निवांत गप्पा मारत बसलेला.

“याला स्ट्राइड म्हणतात. ढांगा.
ढोल नाही, बास नाही, सगळं बिऱ्हाड डाव्या हातावर.
हार्लेम म्हणून वस्ती होती. भाडं थकलं की लोक
घरी पियानोवाला बोलवायचे, दाराशी डबा ठेवायचे
आणि पहाटेपर्यंत नाचून महिना उभा करायचे.
डावा हात ढिला, तर सामान रस्त्यावर.”

मी म्हणालो, आमच्यात हात ढिला, तर हंड्याला खळगा.

ते हसले. मग एकदम थांबले.
करंगळी खालच्या स्वरापर्यंत पोचलीच नव्हती.
उन्हाळ्यात झटका येऊन गेला, म्हणाले, हलकासा.
आता मनगट लांबच्या उडीला कचरतं,
चार-पाच ठोक्यांआड शेजारच्याच घरात पडतं.
कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला होतंच कोण,
खिडकीत एक मांजर आणि दवाखान्यातून दिलेला रबरी चेंडू.

मलाही काय सुचलं कोण जाणे.
त्यांची कळशी रिकामी करून उपडी घातली, मोगरी काढली,
म्हटलं, तुम्ही उजवा वाजवा, खालचं मी बघतो.

दहा-बारा ठोके झाले असतील. त्यांनी हात वर केला.
“घड्याळ ठोकतोयस.”
चुकलं का, मी विचारलं.
“कुठंच चुकत नाहीये. तेच वाईट.”
मग म्हणाले, “तुझी आई पाणी भरायची? नदीवरून?
कडेवर भरली कळशी घेऊन कशी चालायची, दाखव.”

छप्पन्नाव्या वर्षी मी त्या जेवणघरात
कमरेवर हात ठेवून आईसारखा चाललो.
भाराचं पाऊल जरा रेंगाळतं,
मोकळं पाऊल घाईनं येऊन गाठतं.
रेंगाळतं, गाठतं.
टेबलांच्या मधून, भिंतीवरल्या जुन्या जेवणाच्या वेळापत्रकापर्यंत, परत.

“हं. आता तेच वाजव. पण पाणी सांडू नकोस.”

सांडलं. पुष्कळ वेळा सांडलं.
एकदा मात्र जमलं, असेल अर्धा मिनिट,
तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते,
डावा हात मांडीवर होता आणि आपोआप थोपटत होता.
शेवटची बस गेली. कळशीला दोन पोचे आले,
त्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.
दांडीचे दोनशे त्यांनी दिले, मी घेतले.

परवा दुकानात एक हंडा मठारला.
गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणालं,
ठोके सारखे नाहीत हो, जोड्याजोड्यांनी पडलेत,
एक लांब, दुसरा अगदी पुढच्याच्या खांद्याशी.
वीस रुपये कमी करा.

केले.
गळणार नाही, एवढी खात्री दिली.