द्विदल

परीक्षेला अकरा दिवस, आणि दहावी ब ला
महाशिरा कुठे उघडते तेही आठवेना.
मी फळा पुसला. म्हटलं, चला खाली.

पटांगणात अर्धं पोतं फक्की ओतून
कबड्डीच्या जुन्या रेषांवरच आखलं हृदय,
वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका.
"उजवी बाजू डावीकडे का, मॅडम?"
कारण ते तुझ्याकडे तोंड करून उभं आहे.
"जवनिका म्हणजे नाटकातला पडदा पण ना?"
हो. आणि तू आत्ता पडद्यावरच उभा आहेस, सरक.

फुप्फुसं मागच्या भिंतीशी,
जिथे ऐरोलीच्या खाडीचा वास येतो
आणि पलीकडे तिवरं
चिखलातून बोटं वर काढून श्वास घेत बसतात.
तिथे प्रीतेश मढवी, लाल बुचांची पिशवी मांडीवर,
सोडावाल्याकडून आठवडाभर मागून आणलेली.
निळं बूच द्या, लाल घ्या, पळा.
शरीर म्हणजे पाण्याची टाकी, सायकल स्टँड
आणि मुख्याध्यापकांचं ऑफिस.
"ऑफिस म्हणजे मेंदू का?"
मी ऐकलं नाही.

त्रिदल झडपेला तिघं लगेच मिळाले.
द्विदल म्हटल्यावर मागून आवाज आला,
"तूर का मूग, मॅडम?"
हसणं ओसरू दिलं, मग दोन नावं घेतली:
रुबिना सोलकर. भाविका केणी.

पटांगण गप्प.
दिवाळीपासून बोलत नव्हत्या दोघी.
कारणं माझ्या कानावर तीन आली होती,
एक मोबाईलचं, एक प्रयोगवहीचं,
तिसरं मी पूर्ण ऐकून घेतलं नाही.
उंची सारखी होती दोघींची,
विचारलंत तर मी एवढंच सांगेन.

शिट्टी वाजली. निळी पोरं टाकीकडून सुटली,
कर्णिका, जवनिका, भिंत,
लाल होऊन परत, डाव्या दारातून आत,
आणि महाधमनीकडे वळायचं सोडून
निम्मी आल्या वाटेनेच मागे पळाली,
कारण दाराच्या दोन फळ्या
एकमेकींपासून दोन हात लांब, आकाशाकडे बघत उभ्या.
"गळते झडप!" प्रीतेश ओरडला.
आणि मग कुणीतरी, खरंच जाणून घ्यायचं म्हणून:
"असं झालं तर माणसाला काय होतं, मॅडम?"
आधी काहीच कळत नाही, मी म्हटलं.
मग कधीतरी जिना चढताना दम लागतो.
"हिच्या बाबांना लागतो,"
रुबिना फक्कीकडे बघत म्हणाली.
"दुसऱ्या मजल्यावर थांबतात ते. बुटाची लेस बांधल्यासारखं करतात."
भाविकाने मान वळवली.
बाबा चपला घालतात, असं काहीतरी पुटपुटली.
पण वळवली.

दुसऱ्या फेरीत अंतर एक हात.
तिसऱ्या फेरीत मागे पळणारा ओवेस
दोन खांद्यांवर आपटून बसकण मारून पडला,
आणि सगळ्या हृदयाने टाळ्या वाजवल्या.
तेव्हा मी त्यांना सांगितलं,
छातीला कान लावल्यावर ऐकू येतो
तो दार उघडल्याचा आवाज नसतो,
मिटल्याचा असतो.
कुणी लिहून घेतलं नाही. वह्या वर वर्गात होत्या.

खेळाचे सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत,
कबड्डीची मधली रेष जवनिकेत गेली म्हणून.
सोमवारच्या चाचणीत चौदा जणांनी
फुप्फुसशिरेत पुन्हा निळंच रक्त सोडलं,
त्यात प्रीतेशही, ज्याने स्वतःच्या हाताने
प्रत्येकाला लाल बूच दिलं होतं.
मी लाल पेन उघडला, बंद केला.

पण त्या शनिवारी, फाटकापाशी,
बुचं सोडावाल्याला मोजून परत द्यायची होती.
भाविकाने पिशवी धरली, रुबिना मोजत होती.
एकशे बारा, एक म्हणाली.
एकशे अकरा, दुसरी.
एकशे बारा! तुला कधी मोजता आलंय?
तूच सातव्यानंतर आठ गाळलास!
आणि रिक्षा स्टँडपर्यंत भांडत गेल्या,
पिशवीचा एकेक बंद एकेकीच्या हातात.