तीन रेघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
चवरीसांच्या माळा ओलांडल्या की कायतानचं दुकान,
घड्याळं, रिमोट, चार्जर, असलंच काहीबाही.
काचेवर त्यानं दोन बॅटऱ्या मांडल्या,
मासळीवाली दोन वाटे मांडते तशा.

एक सत्तावीसशेची. पाठीवर चकाकता शिक्का,
तिरपा धरला तर कंपनीचं नाव दिसतं,
सरळ धरला तर आपलंच नाक.
दुसरी साडेचारशेची. नाव असं
की वाचताना जीभ दोनदा अडखळावी,
ताकदीचा आकडा मात्र थोरलीपेक्षा मोठा छापलेला.

"दोन्ही बसतात तुझ्या कॅमेऱ्यात."
बसतात रे, कायतान.
बसण्याचा प्रश्न नाही.

मी मयताचे फोटो काढतो.
लग्नांचेही काढतो, पण लग्नात बॅटरी गेली
तर थांबा म्हणता येतं.
नवरा टाय सैल करतो, बँडवाला सोडा पितो,
नवरीची मावशी पुन्हा पावडर लावून येते.
शवपेटीपाशी उभं राहून
"एक मिनिट हां" म्हणून बघा.

गेल्या ऑगस्टात हळदोण्याची आनमारी गेली.
मुलगा तारवटी, जहाज कुठल्याशा समुद्रात,
फोनवर आवाज तुटत तुटत आला:
मायच्या हातांचा एक काढ.
तेर्साची माळ असेल बघ बोटांत.
मी काढणारच होतो.
आधी सगळं घर, मग नातवंडं, मग पाद्री,
मग कोण कोण उशिरा आलेले.
झाकण उचलायला चौघं वाकले
तेव्हा मी हातांवर कॅमेरा धरला.
पडद्यावर बॅटरीच्या तीन रेघा.
तीनच्या तीन, ठसठशीत.
आणि काळोख.

खिशातली दुसरीही त्याच खोक्यातली.

अंगणात शेजारीण कुणाला तरी सांगत होती,
सकाळी तर उठून पोदेराशी भांडली ती,
पाव लहान झाले म्हणून.
काही म्हणजे काही नव्हतं तिला.

एकेचाळीस फोटो पाठवले.
त्यानं पैसे पाठवले, ठरल्याहून थोडे जास्तच.
हातांचं विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून आज सत्तावीसशे मोजून आणले होते.
खोका उलटला, तर कोपरा पिवळा,
तारीख सात वर्षांपूर्वीची.
"कंपनीनं बनवणंच सोडलं," कायतान म्हणाला,
"अस्सल आहे. पण नुसती बसून म्हातारी झालीय."
मग त्यानं सोनाराकडून आणलेला काटा काढला,
दोन्ही तोलून दाखवल्या.
स्वस्तातली आठ ग्रॅमनं हलकी.
आत माल कमी, तो हसून म्हणाला,
पण गेल्या महिन्यातला.

"आणि नावाचं काय घेऊन बसलास?
माझ्या खापरपणज्याला दोन नावं होती,
एक देवळातलं, एक इगर्जीतलं.
भात तेवढाच जेवायचा."

त्याच्या खापरपणज्याला
कुणी मयतावर फोटो काढायला बोलावलं नव्हतं.
पण हे मी बोललो नाही.

साडेचारशेची घेतली. तीन घेतल्या.
पाठीवर पेन्सिलीनं तारीख लिहितो,
शंभर फोटो झाले की काढून टाकतो,
रेघा काय वाटेल ते सांगोत.
उरलेल्या पैशांतून सुकी सुंगटं घेतली
आणि मग दिवसभर बॅगेला वास.

परवा शिवोलीला गेलो. म्हातारे सुतार होते,
नखांत अजून रोगणाची तांबूस रेष.
दारातून शिरलो तो थेट हातांपाशी,
चेहरा नंतर, घर नंतर, पाद्री नंतर.
लोक बाजूला झाले, कुणीतरी पंखा बंद केला,
एका बाईनं बाही सारखी केली.
त्यांना वाटलं, अशीच काही रीत असावी.

वाटू दिलं.