सहभागी क्रमांक सतरा

चाचणी मूळची परदेशातली. साठ चित्रं.
इग्लू काढून मी तिथे झोपडी घातली,
बीव्हरच्या जागी मुंगूस,
आणि आर्टिचोकवरून मॅडमशी महिनाभर वाद घातला,
की ते बघून आपल्याकडचा माणूस
वाचा शाबूत असतानाही गप्पच बसेल.

रास्ता पेठेतलं हॉस्पिटल, एक्स-रेशेजारची खोली.
पंखा बंद, रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते.
समोर सोपान डिंबळे, वय एकाहत्तर.
झटक्यानंतर उजवा हात दोन महिन्यांत परतला,
शब्द वाटेतच कुठेतरी उतरले.
शिक्षण सातवी. व्यवसाय: निवृत्त.
फॉर्मवर तेवढीच जागा होती.

शेवंताबाई प्रत्येक चित्राला ओठ हलवायच्या,
म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. नियम आहे.

केळं: बरोबर.
घड्याळ: "ते... आपलं ते."
कुलूप: एक शिवी, स्वच्छ, खणखणीत, मावळातली.
(शिव्या टिकतात. त्यावर वेगळे निबंध आहेत.)

चित्र एकोणतीस. खिळा.
वीस सेकंद द्यायचे, मदत करायची नाही.
त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून पलीकडे,
आणि हात उचलला.
हवेतून एक चिमूट. डावीकडे, वर.
दुसरी जरा मधून.
तिसरीसाठी खुर्चीतून किंचित उठले.
चौथी न बघताच.
दरवेळी डाव्या मुठीत काहीतरी ठेवलं,
अंगठ्यानं दाबलं.
वेळ संपली. मी शून्य लिहिलं.
शेरा: हातवारे, असंबद्ध.

निघताना शेवंताबाई म्हणाल्या, मी विचारलं नव्हतं तरी,
"छापखान्यात होते. नारायण पेठेत.
अडतीस वर्षं खिळे जुळवले.
मग कॉम्प्युटर आला नि खिळे किलोवर गेले."

कोथरूडच्या बसमध्ये, उभ्यानं,
तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला.
तोंडानं म्हणताना आधी ख येतो.
मी त्या ख ची वाट बघत त्यांच्या ओठांकडे बघत बसले होते.
शिशात वेलांटी आधी येते.
वेलांटी. मग ख. मग ळ. मग काना.
नळ स्टॉपला उतरायचं होतं,
कर्वे पुतळ्यापाशी उतरले.

"गोड आहे," मॅडम म्हणाल्या,
"पण गोड हा व्हेरिएबल नाही."
दुसऱ्या परीक्षकानंही शून्यच दिलं होतं.
सहमती ०.९१. आमच्या विभागात
चहाच्या पैशांवरसुद्धा इतकी होत नाही.
शून्य राहू दिलं.
खाली तळटीप टाकली, चार ओळी, आठ पॉइंटात.
तोंडी परीक्षेत ती कुणी विचारली नाही.

अप्पा बळवंत चौकात पाच प्रती बांधून घेतल्या,
सहावी माझ्या खर्चानं, त्यांच्यासाठी.
आधी वास घेतला. नाक मुरडलं.
शाईचा नव्हता, नुसत्या डिंकाचा होता.
इंग्रजी पानं भराभर उलटली,
मराठी गोषवाऱ्याशी आले आणि सावकाश झाले.
बोट ओळीखालून सरकत निघालं,
एका शब्दाशी थांबलं. नख रुतलं.

रूग्ण.
मी दीर्घ छापला होता. पाची प्रतींत. सहावीतही.
मॅडम, दोन परीक्षक, एक समिती,
सगळ्यांच्या सह्या त्या ऊकाराखालून गेलेल्या.

"ते... ते," डिंबळे म्हणाले, जरा चिडूनच.
समासात नखानं एक रेघ ओढली,
मग चिमूट हवेत गेली,
उजवीकडे, खालच्या कुठल्यातरी खणापाशी,
आणि बराच वेळ तिथेच राहिली.
त्या खणातले खिळे
बहुधा संपले असावेत.