प्रूफ

डुलुथचं तळं गोठलंय.
सोल्वेग बापाला परत सांगते,
कादंबरी काढून टाकलेली नाही,
सक्तीच्या यादीतून ऐच्छिकमध्ये नेली, एवढंच.

आर्विड पेपर पुढे सरकवतो:
'विद्यापीठात पुस्तकावर बंदी.'
एकतीस वर्षं याच पेपरात
रात्रपाळीला प्रुफं तपासली त्याने.
त्या शाईवर लेक शिकली.
आता खोटी कुणाला म्हणायचं?

मग चष्मा लावतो,
लाल पेन्सिलीला टोक काढतो.
बातमीत दोन चुका.
समितीच्या पत्रकात तीन,
'संवेदनशील'सुद्धा धड लिहिता आलेलं नाही.

"ते पुस्तक आण," म्हणतो,
"बघू तरी."

सोल्वेग बशा आवरायला उठते.
मत तिनेही दिलं होतं,
शेवटची साठ पानं
न वाचता.