विरजण

चर्चची किल्ली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.
वीतभर लोखंड. जानेवारीत उघड्या हाताने धरली
तर तळव्याची साल काढते.

छप्पर आम्ही नवं केलं. भिंतींना तांबडा रंग, दोन हात.
ऑर्गनच्या भात्याला नवं चामडं.
घंटा तर अशी की गोठलेल्या तळ्यापलीकडचा कुत्रा उठून बसतो.
आणि रविवारी आम्ही सात.
वेइक्कोला ऐकू येत नाही, म्हणजे साडेसहा.

पाळकबाई महिन्यातून एकदा येतात, नव्वद किलोमीटर गाडी हाकत.
त्यांनी विचारलं, शेजाऱ्यांना बोलावता का कधी?
आम्ही आपापल्या बुटांकडे पाहिलं.
इथे माणूस बर्फाबद्दल बोलतो, माशांबद्दल बोलतो,
फारच सलगी असली तर गुडघ्याबद्दल.
देवाबद्दल बोलायचं म्हणजे
वाफेच्या न्हाणीतून उठून तसंच रस्त्यावर यायचं.
श्रद्धा ही आतली गोष्ट. आम्ही ती आतच ठेवली,
फडक्याखाली, नीट झाकून.

मार्चमध्ये माझं विरजण मेलं.
सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं,
चमच्याने उचललं की तार सुटणारं आमच्याकडचं दही.
मीच लावायचे, मीच खायचे,
या वाटीतून त्या वाटीत.
कुणाला द्यायचं नाही; दुसऱ्याच्या हातून चव बिघडते.
एका सकाळी वर गुलाबी बुरशी.
धुतलेली वाटी, ताजं दूध, सगळं होतं,
फक्त लावायला काही नव्हतं.

मग आठवलं, हिल्क्का बाळंतीण होती तेव्हा
तिच्या आईच्या भिडेखातर एक चमचा दिला होता.
त्या बाळाची आता स्वतःची मुलं आहेत.
ढकलगाडी रेटत गेले तिच्याकडे, चार किलोमीटर.
हिल्क्का हसली. म्हणाली, माझंही मध्ये एकदा गेलं होतं,
लेकीकडून परत आणलं, लेकीने तोवर
जिन्यातल्या सगळ्यांना वाटलं होतं.
तिने चमचाभर बरणीत घातलं. तार सुटली ती तुटेचना.
"तुझंच आहे," म्हणाली.
मी दारात उभी राहिले जरा जास्तच वेळ.

परतताना चर्चसमोरच्या पिवळ्या इमारतीपाशी
फुराहा बर्फ खोरत होती. किवू सरोवराकडची ती, दोन मुलं.
नेहमीसारखी मान हलवून पुढे जाणार होते.
पण बरणी कोटाच्या आत होती, छातीशी,
आणि काय झालं कोण जाणे, थांबले.
म्हणाले (आवाज गंजलेला),
रविवारी दहाला. तिथे.
माझा नवरा गेला त्या वर्षी
मी तिथे बसून जगले.
पुढचं वाक्य सापडलं नाही.

तिने फावडं टेकवलं.
शब्द जुळवत जुळवत बोलली:
"दोन हिवाळे घंटा ऐकते.
ती वाजली की मुलांना घेऊन घरातच गुडघे टेकते.
मला वाटलं, ते दार
तुमचं तुमच्यासाठी असतं."

दोन हिवाळे. रस्ता आठ पावलांचा.
दोर ओढणारी मीच.

त्या रविवारी ती पहिल्या बाकावर बसली, जिथे कुणीच बसत नाही.
गाताना तिचा आवाज तुळयांपर्यंत गेला,
वरची धूळ खाली आली असं आइला शपथेवर सांगते.
वेइक्कोने मान वर केली आणि विचारलं,
कोण आहे?
धाकटा प्रार्थनेत मोठ्याने म्हणाला, इथे कुणी झोपलंय का?
सगळे इतके हळू का बोलतात?
कुणी उत्तर दिलं नाही.
मला देता आलं असतं.

सोमवारी बसने शहरात गेले, कुलुपवाल्याकडे.
तो म्हणाला, असल्या किल्ल्या आता कोणी करत नाही,
कानस घेऊन हाताने घासावी लागेल, दिवस मोडतो.
म्हटलं, घासा.
मी बसते इथे.