काळीच राहू दे

कारवारच्या एस्टीतून आलेले काटेरी गोळे,
डब्यात समुद्र, वर ओलं गोणपाट.
टिळकवाडीला पोचेपर्यंत तीन मेले.
उरलेल्यांतल्या एकीनं अंडी सोडली,
एकानं दुधाळ धूर.

घड्याळ लाव, नेसरीकर मॅडम म्हणाल्या.
ह्याला पोटाशी धरणारी आई नाही,
पळायला पाय नाहीत.
आहेत ते अंगावरचे दारवान.
अर्ध्या तासात आतून वर येतात, काठाला उभे राहतात,
आत घुसणारं परकं काही दिसलं
की उचलून बाहेर.
नाव विचारत नाहीत. विष काल जन्मलेलं असलं तरी.

मग आम्ही पाण्यात रंग घातला.

रंग मला नवा नाही.
वडगावात आमच्या परसात
अण्णा तीस वर्षं लडी बुडवतो.
त्याच्या नखांतला जांभळा
माझ्या बारशाच्या फोटोतही आहे.
गटार सोमवारी हिरवं, गुरुवारी किरमिजी,
पुढं बळ्ळारी नाला, मार्कंडेय, घटप्रभा...
कारवार एवढं जवळ,
खरं आमचं पाणी पाठ फिरवून
पूर्वेच्या समुद्राला जातं.

पहिल्या बशीत काळे मणी.
काहीच दिसत नाही की हो, मी म्हणाले.
दुसरीत दारवान गुंगवणारं औषध होतं :
तिथं एकेक गर्भ पेटलेला,
पदरावरची जर उन्हात धरावी तसा.
किती देखणं!
मॅडम डोळा न काढता बोलल्या,
ते हरलेत गं. रंग आत अडकलाय.
काळा आहे तो शाबूत.

अशी द्रव्यं बाहेरही असतात म्हणे,
काही तर साबणाच्या वासात.
स्वतः मारत नाहीत,
मारणारा आत जाईस्तोवर
दारवानाचे हात धरून ठेवतात.

संध्याकाळी अण्णा न्हाणीत
वासाच्या साबणानं कोपरापर्यंत घासत होता.
जांभळा हलत नव्हता.
मी फेस बघत उभी.
काय शिकलीस आज?
सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानं
ओल्या हातानंच दांडीवरची लड उचलली,
बल्बाखाली धरली :

बघ की, कसा धरलाय रंग.
कितीबी धू.
सोडणार नाही आता.